घरी शिवलेला अस्तराचा स्कर्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं एका ठरावीक स्कर्टबद्दल आहेत : तयार कागदी पॅटर्नवरून कापलेला, ए-लाइन (कमरेला बसणारा आणि खाली रुंद होत जाणारा), गुडघ्याच्या खाली येणारा, कमरेला पट्टी, मागे चेन आणि आत पूर्ण अस्तर. घरच्या साध्या मशीनवर तो उत्तम होतो. खण आणि जुन्या साडीचे प्रश्न फार येतात, म्हणून त्यांना जास्त जागा दिली आहे.

मला अस्तराचा ब्लाउज शिवता येतो. मग स्कर्टच्या अस्तरात वेगळं काय?

जवळजवळ सगळंच. आपल्याकडे घरी शिवणाऱ्या बहुतेकींचा हात अस्तरावर बसतो तो ब्लाउज शिवताना. ब्लाउजमध्ये अस्तर आणि वरचं कापड एकावर एक ठेवून कडेने टाचतात आणि पुढे ते एकच कापड समजून शिवतात. टक्सही (अंगाचा आकार देण्यासाठी शिवलेल्या निमुळत्या घड्या) दोन्ही थरांतून एकदम घालतात. अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्याला तेच योग्य आहे.

स्कर्ट मात्र चालताना हलतो आणि बसताना ताणला जातो. दोन्ही थर कडेने एकत्र शिवले, तर एक थर थोडा आटला किंवा सैल झाला की दुसरा फुगतो, शिलाया ओढल्या जातात, खालची कड वाकडी दिसते. म्हणून स्कर्टचं अस्तर हा आतला वेगळा स्कर्टच असतो. वरचा स्कर्ट वेगळा शिवायचा, अस्तराचा वेगळा शिवायचा, आणि दोन्ही फक्त कमरेला आणि चेनीच्या कडेला जोडायचे. खाली अस्तर मोकळं. हे एकदा पटलं की पॅटर्नमधल्या बऱ्याच सूचनांचा अर्थ आपोआप लागतो.

अस्तर लावलंच पाहिजे का?

जाड डेनिम किंवा घट्ट विणीच्या सुती कापडाला नाही लावलं तरी चालतं. पातळ कापड, आरपार दिसणारा फिका रंग, अंगाला टोचणारी जर, मागे मोकळे धागे असलेलं विणकाम, किंवा पायांना चिकटणारं कृत्रिम कापड असेल तर लावाच. परकर घालून वेळ मारून नेता येते, पण नाडीची गाठ ए-लाइन स्कर्टच्या सपाट कमरेवर उठून दिसते.

पॅटर्नमधला माझा साईज कसा ओळखायचा?

दुकानातून तयार घेता त्या ड्रेसचा साईज विसरा. एम, एल, ३८ किंवा ४० यांचा पॅटर्नवरच्या आकड्यांशी काही संबंध नसतो. पाकिटावर किंवा पहिल्या पानावर अंगाच्या मापांचा तक्ता असतो, त्याच्याशी आपली मापं ताडून बघा.

दोन मापं लागतात. कंबर, म्हणजे स्कर्ट जिथे बांधणार आहात ती जागा. आणि सीट, म्हणजे सर्वात भरलेला भाग. तो साधारणपणे कमरेखाली ७ ते ९ इंचांवर येतो. टेप जमिनीला समांतर धरा, पोट आत ओढू नका. ए-लाइन स्कर्टला खाली भरपूर घेर असतो, त्यामुळे साईज कमरेवरून निवडा आणि सीटला निदान दोन इंच सैलपणा मिळतोय ना, ते पाहा. सरळ, पायाजवळ घट्ट स्कर्ट असेल तर उलट करा : साईज सीटवरून निवडा आणि कंबर टक्समधून कमी-जास्त करा.

कंबर एका साईजची आणि सीट दुसऱ्या, असं फार जणींचं असतं. अशा वेळी कमरेला एका साईजची रेघ धरायची आणि सीटपर्यंत हलक्या वळणाने दुसऱ्या साईजच्या रेघेवर जायचं. एकाच कागदावर अनेक साईज छापलेले पॅटर्न यासाठी फार सोयीचे असतात.

पॅटर्नमध्ये माया धरलेली असते का?

माया म्हणजे शिलाईच्या रेघेबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड. हा प्रश्न कापड कापण्याआधी विचारलात तर स्कर्ट वाचतो. उत्तर पॅटर्नगणिक बदलतं. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक या अमेरिकी पाकिटांमध्ये माया धरलेली असते, साधारण पाच अष्टमांश इंच, म्हणजे जवळजवळ दीड सेंटिमीटर. १९५० साली जर्मनीत सुरू झालेल्या बुर्डा मासिकातल्या पॅटर्नशीटवर मात्र माया नसते. तिथे रेघ म्हणजे शिलाईची रेघ, माया आपण वाढवायची. इंटरनेटवरच्या छोट्या डिझायनरांपैकी कुणी एक सेंटिमीटर धरतं, कुणी दीड, कुणी काहीच नाही. सूचनांच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं असतं.

आणखी एक. पॅटर्न सेंटिमीटरमध्ये असेल तर सगळं काम टेपच्या सेंटिमीटरच्या बाजूनेच करा. मध्येच इंचांवर आलं की प्रत्येक शिलाईला थोडा फरक पडतो, आणि चार शिलायांत कंबर बदलते.

पीडीएफ पॅटर्न घरच्या प्रिंटरवर छापला तर मापं बरोबर येतील?

येतील, पण प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून शंभर टक्के आकारात छापायला हवं. आधी फक्त मापाच्या चौकोनाचं (छपाईचा आकार तपासायला पॅटर्नमध्ये दिलेल्या चौकोनाचं) पान काढा आणि पट्टीने मोजा. तो चौकोन दोन मिलिमीटरने जरी लहान आला, तरी जोडलेल्या कागदावर कंबर चांगलीच घटलेली असेल. ए-फोर कागद जोडण्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या कागदावर प्रिंट काढून घेणं सुटसुटीत.

माझ्या पॅटर्नमध्ये अस्तराचा तुकडाच नाही. आता?

वरच्या स्कर्टचेच पुढचा आणि मागचा हे दोन तुकडे अस्तरासाठी वापरा, तीन बदल करून. एक, अस्तराची तयार उंची वरच्या तयार उंचीपेक्षा एक इंच कमी ठेवा. दोन, बाजूच्या शिलाया मायेत दोन-तीन मिलिमीटर कमी घेऊन घाला, म्हणजे अस्तर किंचित सैल होईल. बसताना ताण वरच्या कापडाने घ्यायला हवा. तो अस्तरावर आला तर सीटजवळची शिलाई उसवते. तीन, खूप घेराचा स्कर्ट असेल तर अस्तराचा घेर कमी केला तरी चालतो, पण पाऊल मोकळं पडेल इतका ठेवा. कमरपट्टीचा तुकडा अस्तरातून कापायचा नाही.

कापड किती लागेल?

पॅटर्नवर लिहिलेलं असतंच, पण आपल्याकडचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, वेगळा असू शकतो. २६ इंच तयार उंचीचा अंदाज असा : ५८ इंच पन्हा असेल तर बऱ्याचदा पुढचा-मागचा भाग शेजारी-शेजारी बसतो आणि सव्वा मीटरमध्ये काम होतं. ४४ इंच पन्ह्यात दोन उंच्या घ्याव्या लागतात, म्हणून पावणेदोन मीटर. अस्तर दीड मीटर. चौकडा जुळवायचा असेल किंवा नक्षी एकाच दिशेची असेल तर पाव ते अर्धा मीटर जास्त घ्या. आणि हे आकडे घेऊन दुकानात जाण्याआधी पॅटर्नचे कागद जमिनीवर पन्ह्याइतक्या रुंदीत मांडून एकदा खरोखर मोजा.

अस्तराला कोणतं कापड चांगलं?

हा प्रश्न हवामानाचा आहे, आणि वरच्या कापडाचाही.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत पॉलिएस्टरचं टफेटा किंवा सॅटिन घामाने पायाला चिकटतं. सुती केंब्रिक किंवा मऊ पॉपलिन अंगाला चांगलं. पण सुती कापड सुती कापडावर घसरत नाही. वर खरखरीत सुती आणि आत सुती अशी जोडी असली की चालताना स्कर्ट पायांत चढतो. अशा वेळी रेयॉन, म्हणजे व्हिस्कोसचं पातळ अस्तर सर्वांत चांगलं : घाम शोषतं आणि घसरतंही. बाजारात शांतून नावाने मिळणारं कापडही अनेकजणी वापरतात, कारण त्याला पडण आहे, म्हणजे ते अंगावरून अलगद खाली सुटतं, आणि किंचित चमक आहे. ते धुतल्यावर आटतं का, हे छोटा तुकडा भिजवून पाहिल्याशिवाय कापू नका.

विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत वेगळी अडचण येते. वरचं कापड पॉलिएस्टर, अस्तरही पॉलिएस्टर, की दोन्ही एकमेकांवर घासून स्थिर वीज तयार होते आणि स्कर्ट पायांना गुंडाळला जातो. थरांपैकी एक तरी सुती किंवा व्हिस्कोसचा ठेवा.

मला विचाराल तर अस्तरात पैसे वाचवू नयेत. दिवसभर अंगाला लागतं ते अस्तर. पुण्याच्या रविवार पेठेत किंवा मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये गेलात तर तागा हातात घेऊन कापड मुठीत चुरगळून बघा, गालाला लावून बघा, वरच्या कापडाचा तुकडा त्यावर ठेवून सरकवून बघा. रंग दिव्याखाली न जुळवता दुकानाच्या दारात येऊन उजेडात जुळवा.

कापड आधी पाण्यातून काढायलाच हवं का?

हो, दोन्ही. सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा आणि किंचित ओलं असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. वरचं पाण्यातून काढलं आणि अस्तर नाही, किंवा उलट, तर पहिल्या धुण्यातच दोन्हींची उंची वेगवेगळी होते. गडद लाल, निळा, हिरवा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. रंग लागला तर फिकं अस्तर घेऊ नका.

खणाचा स्कर्ट शिवायचा आहे. काय काळजी घेऊ?

खण हे मुळात चोळीचं कापड. कर्नाटकातलं बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे त्याचं जुनं विणकामाचं गाव, आणि महाराष्ट्रात घरोघरी खण ओटीच्या निमित्ताने पोचलेला. चोळीसाठी विणलेल्या पारंपरिक खणाचा पन्हा कमी असतो. आता यंत्रमागावरचा जास्त पन्ह्याचा खणही मिळतो, पण पॅटर्नवरचा कापडाचा आकडा तसाच धरू नका. आधी पन्हा मोजा. पन्हा कमी असेल आणि मागचा अर्धा भाग मावत नसेल, तर मध्ये किंवा बाजूला जोड द्या आणि नक्षीच्या ओळी जुळवा. नीट जुळवलेला जोड दिसत नाही.

मोठा प्रश्न काठाचा. खणाचे काठ उभ्या धाग्याने, कापडाच्या दोन्ही कडांना धावतात. काठ स्कर्टच्या खालच्या कडेला यावा अशी सगळ्यांची इच्छा असते. त्यासाठी कापड आडवं फिरवून वापरावं लागतं, आणि मग स्कर्टची उंची पन्ह्याच्या पुढे जाऊ शकत नाही. शिवाय ए-लाइन स्कर्टची खालची कड गोलाकार असते, काठ मात्र सरळ. सरळ काठ गोल कडेवर बसत नाही, बाजूंना उचललेला दिसतो. म्हणून काठ खालीच हवा असेल तर ए-लाइन पॅटर्न बाजूला ठेवा आणि सरळ तुकड्यांचा, कमरेला चुण्या किंवा प्लेट्स घातलेला स्कर्ट शिवा. ए-लाइनच हवा असेल तर काठ कापून कमरपट्टीला लावा. तिथे तो सरळ बसतो आणि शोभतोही.

खणाच्या मागच्या बाजूला मोकळे धागे असतील तर त्यांत जोडवी आणि पैंजण अडकतात. त्यासाठी अस्तर हवंच, तेही गुळगुळीत. कापल्याबरोबर कडेचे धागे सुटतात, म्हणून माया पाऊण इंच ठेवा आणि शिवण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या कडा पक्क्या करून घ्या. इस्त्री उलट्या बाजूने, मध्यम गरम.

तुकडे कापताना नेमकं काय बघायचं?

पॅटर्नवरचा लांब बाण. तो कापडाच्या काठाला समांतर हवा. बाणाच्या दोन्ही टोकांपासून काठापर्यंतचं अंतर टेपने मोजा, सारखं आलं की मगच टाचण्या लावा. हा बाण तिरका गेला की स्कर्ट अंगात फिरतो, चेन हळूहळू बाजूला येते, आणि मग कितीही उसवून शिवलं तरी ते सुटत नाही.

‘घडीवर’ असं लिहिलेली कड कापडाच्या घडीवर ठेवायची, ती कापायची नाही. कडेवरच्या छोट्या खुणा आणि टक्सची टोकं खडूने दोन्ही थरांवर उतरवा. अस्तर सरकत असेल तर खाली वर्तमानपत्र अंथरून कागदासकट कापा.

आधी ट्रायल शिवावी का?

पहिल्यांदा तो पॅटर्न वापरताना, होय. कोरं मांजरपाट किंवा जुनी चादर घ्या. चेन नको, पट्टी नको. टक्स आणि बाजूच्या शिलाया लांब टाक्यांनी घालून मागे टाचण्या लावून बघा.

मागे कमरेखाली आडवी घडी पडत असेल तर मागच्या मध्यावर कंबर अर्धा इंच खाली उतरवा आणि ती रेघ बाजूंना शून्यावर न्या. पुढे खालची कड उचलली जात असेल तर पोटाला कापड कमी पडतंय, पुढच्या मध्यावर कंबर तितकीच वाढवा. उंची कमी-जास्त करायची तर खालून करू नका, पॅटर्नच्या मध्यावर छापलेल्या दोन समांतर रेघांवर करा, म्हणजे घेराचा आकार टिकतो. जे जे बदलाल ते लगेच कागदावर उतरवा. अस्तराच्या तुकड्यांवरही तेच बदल करायचे असतात आणि नेमकं तेच राहून जातं.

शिवण्याचा क्रम काय?

वरचा स्कर्ट : टक्स, मागची चेन, बाजूच्या शिलाया. अस्तर : टक्स, बाजूच्या शिलाया, मागची शिलाई, चेनीच्या जागी ती उघडी ठेवायची, चेनीच्या टोकाखाली अर्ध्या इंचापर्यंत. मग दोन्हींच्या उलट्या बाजू समोरासमोर येतील असं अस्तर आत घाला. सगळ्या माया दोन थरांच्या मध्ये लपतात. कमरेला कच्चा टाका घाला, पट्टी लावा, चेनीपाशी अस्तर हातशिलाईने जोडा, आणि खालच्या कडा सर्वात शेवटी.

चेन मागे न ठेवता डाव्या बाजूला असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अस्तर उलटं होऊन आत जातं, त्यामुळे त्याची डावी-उजवी बदलते. अस्तर सुलट धरलं असता त्याच्या उजव्या बाजूची शिलाई उघडी ठेवायची. तरच ती आत गेल्यावर चेनीसमोर येते.

वरच्या कापडाला १४ नंबरची सुई, पातळ अस्तराला ११ नंबरची. प्रत्येक शिलाई घातली की लगेच इस्त्री, आणि ती झाल्याशिवाय तिच्यावरून दुसरी शिलाई नाही. घरचा आणि चांगल्या शिंप्याचा स्कर्ट यांत जो फरक दिसतो, तो बराचसा या इस्त्रीचा असतो.

अस्तराचे टक्स कमरेला फार जाड होतात.

ते शिवूच नका. टक्सच्या जागी कमरेशी फक्त घडी घाला आणि ती मायेत टाचा. खाली कापड मोकळं राहील आणि बसताना थोडी ढील मिळेल. वरच्या कापडाचे टक्स मध्याकडे दाबले असतील तर अस्तराच्या घड्या बाजूकडे वळवा.

चेन कोणती घ्यावी? शिवताना ती वाकडी जाते.

कन्सील चेन, म्हणजे बाहेरून दात न दिसणारी, ८ इंच किंवा जास्त. लांब असली तर बिघडत नाही, खालून बांधून कापता येते. ही चेन मागची शिलाई घालण्याआधी, उघड्या दोन कडांना लावायची असते, आणि साधी चेन लावणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. आधी चेन उघडून दातांची वळलेली कड कमी गरम इस्त्रीने सपाट करा, कच्च्या टाक्याने बसवा, मग चेनचा फूट लावून दातांच्या अगदी लगत शिवा. जिथे चेन बसणार तिथे मायेवर फ्युजिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या आधाराच्या कापडाची) अर्धा इंची पट्टी चिकटवली तर कापड लाटेसारखं होत नाही. कमरेच्या दोन्ही कडा समोरासमोर येतात की नाही हे कच्चा टाका असतानाच चेन ओढून तपासा.

अस्तराची कड दातांपासून पाव इंच दूर ठेवून चेनीच्या पट्टीला हाताने शिवा. जवळ आली की कधी ना कधी चेनीत अडकते.

पट्टीला बकरम घालू का?

बकरम म्हणजे आत घालायचं कडक कापड. जाड बकरम बसताना पोटाला रुततं. इस्त्रीने चिकटणारं मध्यम फ्युजिंग पुरतं. इस्त्री ओढू नका, ओलसर सुती फडक्यावरून एकेका जागी दहा सेकंद दाबा. पट्टी जोडल्यावर आतल्या थरांच्या माया पायरीसारख्या कमी-जास्त कापा, अस्तराची सगळ्यात कमी. सगळ्या एकसारख्या ठेवल्या तर पट्टीखाली कडक कणा उठतो.

घरी ओव्हरलॉक नाही. काळ्या मशीनवर झिगझॅगही नाही.

जवळच्या टेलरकडे कापलेले तुकडेच ओव्हरलॉक करून (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून कड शिवून) घ्या. नाहीतर मायेची कड पाव इंच आत दुमडून तिच्यावर सरळ शिलाई घाला. कापड पातळ असेल तरच हे करा, जाड कापडात त्याची रेघ वर उमटते. अस्तराला फ्रेंच शिलाई (कापलेली कड आत बंद होईल अशी दुहेरी शिलाई) सुरेख दिसते.

खालची कड वाकडी येते.

ए-लाइन स्कर्टच्या बाजूंना कापड तिरकं असतं आणि स्वतःच्या वजनाने लोंबतं. पट्टी लावून झाली की स्कर्ट हँगरला एक रात्र टांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी अंगात घाला आणि कुणाला तरी जमिनीपासून पट्टीने मोजत खडूची खूण करायला सांगा. आरशात बघून स्वतः करायचं हे काम नाही. मग जास्तीचं कापा आणि फार तर पाऊण इंच दुमडा. गोल कडेला रुंद दुमड बसत नाही, तिला चुण्या पडतात. वरून दिसू नये म्हणून प्रत्येक टाक्यात वरच्या कापडाचा एकच धागा उचला. अस्तराची कड मशीनवर शिवली तरी चालते. दोन्ही कडा एकमेकींना शिवू नका. बाजूच्या शिलायांपाशी दीड इंचाची धाग्याची साखळी घालून सैल बांधल्या की अस्तर फिरत नाही.

आईच्या जुन्या रेशमी साडीचा स्कर्ट होईल का?

होईल, पण दोन्ही थर वेगळे शिवायचा वर सांगितलेला नियम इथे बदलतो. साडी उजेडासमोर धरून घड्यांच्या जागा बघा. तिथे रेशीम विरलेलं असतं, तिथून तुकडा कापू नका. बाकीचं कापडही शिलाईचा ताण एकट्याने पेलत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्यामागे मऊ मलमलचा तितकाच तुकडा ठेवून कडेने टाचा आणि ब्लाउजसारखे दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवा. ताण मलमल घेते. त्याच्या आत हवं तर व्हिस्कोसचं मोकळं अस्तर वेगळं. साडीचा काठ सरळ असल्याने त्याला खणाचाच नियम. सीटला नेहमीपेक्षा एक इंच जास्त सैलपणा द्या, आणि असा स्कर्ट घरी भिजवू नका.

लहान मुलीसाठी अस्तराचा परकर याच पद्धतीने?

त्याला पॅटर्न लागत नाही. वरचं कापड आणि सुती अस्तर, दोन्ही सरळ तुकडे. वेगवेगळे शिवून वर एकत्र धरा, नेफा दुमडा आणि इलॅस्टिक किंवा नाडी ओवा. वरच्या कापडात खालच्या बाजूला दोन इंचांची आडवी टीप, म्हणजे शिवलेली घडी, आतल्या बाजूने घालून ठेवा. मुलगी वाढली की ती उसवायची. अस्तरातही तशीच टीप ठेवायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वर्षी वरचा परकर लांब होईल आणि अस्तर गुडघ्यावर राहील.